पोळ्याचा बैल भट्टीत का फुटतो

विदर्भात पोळा येतो श्रावणातल्या अमावास्येला, नेमका झडीच्या दिवसांत. नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रस्त्यावरच्या वाडीत त्या आठवड्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात. मुलं मातीचे बैल करायला बसतात तीही याच आठवड्यात. पूजेच्या बैलाला भट्टी लागत नाही. पाटावर मांडला, झूल रंगवली, नैवेद्य दाखवला, की त्याचं काम झालं. आतून ओला असला तरी कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला तर लाकडी नंदीच मिरवतात. अडचण सुरू होते ती शाळेने किंवा एखाद्या छंदवर्गाने यंदाचे बैल भाजून, ग्लेझ चढवून पक्के करायचं ठरवलं की. सण तोंडावर आलेला असतो, भट्टी एकदाच लागणार असते, म्हणून काल केलेले बैल आज भट्टीत जातात. उद्या झाकण उघडावं तर आत शिंगं, खुरं आणि चुरा.

मग कोणीतरी म्हणतं, "माती नीट मळली नव्हती, आत हवा राहिली." खापर मुलाच्या डोक्यावर फुटतं आणि पुढच्या वर्षी ते मूल बैल करायला कचरतं. म्हणून हे प्रकरण आधी हवेबद्दलच्या या समजाचंच आहे. हवा 30 अंशांवरून 130 अंशांपर्यंत तापली तर जेमतेम एक-तृतीयांशाने फुगते, आणि सुकलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून तिला वाट मिळते. पाण्याची वाफ होते तेव्हा मात्र ते साधारण 1600 पट जागा मागतं. बैलाच्या पोटात, चार-पाच सेंटीमीटर जाड गोळ्याच्या मधोमध, वाटाण्याएवढी ओल राहिली तरी तिची वाफ शंभर अंशांच्या पुढे बाहेर पडायला धडपडते. वाट अरुंद, भट्टीचा चढ वेगवान, की बैल फुटलाच. हवेचा बुडबुडा गुन्हेगार ठरतो तो केवळ भोवतीची जाड माती ओली असते म्हणून.

लहान मुलांच्या कामाबाबत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: भट्टीतून निघालेला दोष बहुधा भट्टीत जन्मलेला नसतो. तो वाळवण्यात, मातीच्या निवडीत, ग्लेझच्या थरात किंवा विजेच्या दाबात कधीच तयार झालेला असतो, आणि या चारही गोष्टी मोठ्यांच्या हातातल्या असतात. मुलाच्या हातात असतो फक्त आकार. वाकडं शिंग, बसकं वशिंड, पाच पायांचा बैल, यांतलं काहीही भट्टीला खुपत नाही. तेव्हा मुलाची बोटं सुधारण्याआधी तुकडे वाचायला शिकावं.

तुकडे खरोखर वाचता येतात. सगळा बैल बारीक चुऱ्यात आणि खपल्यांत विखुरला असेल, शेजारच्या पणत्यांवरही खपल्या उडाल्या असतील, तर ती वाफ. पाय पोटापासून नीट सुटून आडवा पडला असेल, तुटलेली बाजू गुळगुळीत असेल, तर तो जोडच कच्चा होता; भट्टीने त्याला फक्त ढकललं. अंगावर रुपयाच्या आकाराची खोलगट खपली निघाली असेल आणि त्या खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसत असेल, तर ती चुन्याची करामत, तिच्याकडे पुढे येऊ. आणि ग्लेझ केलेल्या बैलाला तडा गेला असेल तर तड्याच्या कडेवरून नख फिरवून पाहावं. ग्लेझची कड गोलसर, ओघळून बसलेली लागली, तर ग्लेझ वितळायच्या आधीपासून तडा होता. कड धारदार लागली, तर ग्लेझ पुन्हा घट्ट झाल्यावर, म्हणजे भट्टी थंड होताना तडा गेला. झाकण लवकर उघडलं असणार. हा एक तपास ज्याला जमला त्याचं निम्मं अंदाजपंचे काम संपतं. ही चाचणी मुलांनाही शिकवावी. फुटलेला बैल हातात घेऊन तो कधी आणि का फुटला हे शोधून काढणारं मूल त्या फुटण्याने हिरमुसत नाही, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

वाफेवरचा उपाय साधा आहे, फक्त त्याला दिवस लागतात. बैल भरीव करू द्यावा, कारण लहान हातांना भरीव गोळाच समजतो. मग माती अर्धवट वाळून आकार धरू लागली, पण नख अजून रुतत असलं, की तारेने पोट उभं चिरायचं, चमच्याने किंवा तारेच्या फासाने आतली माती कोरून भिंत एक सेंटीमीटरच्या आसपास ठेवायची, कडा खरवडून पातळ मातीने पुन्हा जोडायच्या आणि पोटाखाली काडीने एक भोक पाडायचं. वशिंडातही खालून काडी घालावी. वशिंड सगळ्यात जाड असतं आणि तेच विसरलं जातं. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा, म्हणजे ग्रॉग, पाचवा हिस्सा मिसळला तर वाफेला वाटा मिळतात आणि आकसणंही कमी होतं. त्यासाठी बाजारात जायला नको. गेल्या खेपेचे फुटके, ग्लेझ न लावलेले तुकडे खलबत्त्यात कुटून चाळले तरी चालतात. कुटताना मात्र तुकडे ओलसर ठेवावेत, कारण ती धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नसते.

बैल वाळला की नाही हे रंगावरून ठरवू नये. झडीच्या दिवसांत वरचं कातडं पांढुरकं पडतं आणि पोट ओलंच राहतं. जुने कुंभार वस्तू गालाला लावून पाहतात: गार लागली तर पाणी अजून उडतं आहे. यापेक्षाही भरवशाचा मार्ग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा. बैलाच्या नावाची चिठ्ठी करून रोज वजन लिहावं. सलग दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की माती हवेइतकी सुकली. हवेइतकीच, कारण श्रावणातल्या दमट हवेत माती पूर्ण कोरडी होतच नाही, थोडी ओल धरून ठेवते. ती ओल काढायची जागा भट्टीच. झाकण बोटभर उघडं ठेवून, वरचं भोक मोकळं ठेवून, भट्टी रात्रभर 80 ते 90 अंशांवर धरायची. शंभराच्या खाली पाणी उकळत नाही, नुसतं उडून जातं. सकाळी भोकापाशी थंड आरसा किंवा काच धरावी. तिच्यावर वाफ जमली तर अजून थांबावं. काच कोरडी राहिली की ताशी पन्नास-साठ अंशांनी दोनशेपर्यंत चढावं आणि तिथून थोडं सैल सोडलं तरी चालतं. पुढे 450 ते 600 अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक बंधाने अडकलेलं पाणी सुटतं. ते सावकाश सुटतं, त्याने सहसा काही फुटत नाही. मात्र तिथेच 573 अंशांवर मातीतली गार, म्हणजे क्वार्ट्झ, एकाएकी फुगते आणि उतरताना त्याच अंशावर एकाएकी आकसते. जाड आणि पातळ भाग एकाच वस्तूत असले की इथे तडा जातो. मुलांच्या वस्तूंत ते असतातच, म्हणून चढताना आणि उतरताना या टप्प्यावर घाई नको.

पोळ्यानंतर आठ महिन्यांनी, मे महिन्यात, त्याच वाडीत सगळं उलटं होतं. पारा 45 अंशांच्या आसपास, हवा कोरडीठाक, उन्हाळी शिबिरांचे दिवस. सकाळी केलेली वाटी दुपारी कडक होते आणि संध्याकाळपर्यंत तिच्या काठाला चिरा पडतात. काठ पातळ, तळ जाड; काठ आधी सुकून आकसतो, तळ अजून ओला, त्यांच्या ओढाताणीत काठ हार खातो. त्यात नागपुरी खोलीत कूलर असतोच. कूलरसमोरच्या फळीवर ठेवलेल्या ताटल्यांची एक बाजू वाऱ्याने सुकते आणि दुसरी तशीच राहते, मग ताटली त्या बाजूने उचलली जाते. ती वाकडी झाली याचं कारण मुलाच्या लाटण्यात शोधलं जातं, वाऱ्याच्या दिशेत कोणी शोधत नाही. उन्हाळ्यात वस्तू पहिले दोन दिवस प्लॅस्टिकखाली झाकून ठेवाव्यात, वाट्या-पेले अर्धवट सुकल्यावर पालथे घालावेत, ताटल्यांखाली वर्तमानपत्र घालावं म्हणजे आकसताना त्यांना सरकायला मिळेल, आणि कान, शेपटी, शिंगं यांवर ओलं फडकं जास्त वेळ ठेवावं.

मुलांच्या सवयींपैकी दोन मात्र खरोखर आवरायला हव्यात. पहिली, पाणी. चीर दिसली की मूल ओलं बोट फिरवतं, वरून छान गुळगुळीत होतं आणि आत चीर तशीच राहते. उलट त्या जागी माती जास्त भिजून नंतर जास्त आकसते. चीर पाण्याने बुजत नाही. ती कोरून, तितक्याच ओलीची माती दाबून भरावी लागते. दुसरी सवय, सुकलेल्या बैलाला ताजं शिंग लावणं. ताजं शिंग अजून आकसायचं असतं, डोकं आकसून झालेलं असतं, त्यामुळे शिंग सुटतं. दोन्ही भाग सारखे ओले असताना जोडायचे, दोन्हीकडे काट्याने चरे पाडायचे, मध्ये कालवलेल्या मातीचा लेप, आणि मग दाबून किंचित फिरवायचं. हे मुलांना एकदा दाखवलं की ती ते आयुष्यभर विसरत नाहीत.

आता मातीकडे. वाडी ज्या पठारावर आहे तो दख्खनच्या काळ्या खडकाचा पूर्वेकडचा शेवट. नागपूरच्या पूर्वेला खडक बदलतो. या काळ्या खडकाची झीज होऊन झालेली काळी कपाशीची माती मुलांना फुकट मिळते, हाताला लोण्यासारखी लागते, म्हणून तिचा मोह पडतो. पण हीच माती उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन भरमसाट फुगते आणि सुकताना तितकीच आकसते. नुसत्या काळ्या मातीचा बैल भट्टीत जायच्या आधीच तडकतो. वाळू, राख किंवा ग्रॉग मिसळून, दुसरी कमी चिकट माती घालून तिला सैल करावं लागतं. आपल्याकडचे कुंभार लीद आणि राख मिसळत आले ते याच कारणाने.

या मातीतली दुसरी खोडी म्हणजे चुनखडीचे खडे. काळ्या मातीत ते मुबलक असतात, मोहरीएवढ्या खड्यापासून बोराएवढ्या गाठीपर्यंत. भट्टीत आठशे-नऊशे अंशांच्या घरात चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. वस्तू भट्टीतून अगदी सुरेख निघते. मग तो चुना हवेतली ओल ओढून घेतो, भिजतो, फुगतो, आणि चार दिवसांनी किंवा चार आठवड्यांनी कपाटातल्या बैलाच्या पाठीवरून खपली उडते. खड्ड्याच्या तळाशी तोच पांढरा ठिपका. पावसाळ्यात हे जास्त होतं आणि घरच्यांना वाटतं की कोणीतरी आपटला. अशा मातीची परीक्षा घरीच होते: सुकी माती कुटून तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा, फसफसली तर चुना आहे. उपाय म्हणजे माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून, शक्यतो ऐंशी नंबरच्या, गाळून घेणं. न गाळलेली वस्तू भाजून झालीच असेल तर ती भट्टीतून निघाल्या निघाल्या, हाताला सोसेल इतकी कोमट असताना, पाण्यात बुडवून ठेवावी. वीटभट्टीवाले चुनखडीच्या मातीच्या विटांना हेच करतात. भरपूर पाण्यात चुना विझून मऊ पडतो, आणि एरवी ओलसर हवेत फुगून त्याने जे केलं असतं ते बरंचसं टळतं.

शाळेला हा सगळा खटाटोप नको असेल तर बाहेरची तयार माती घ्यावी. विदर्भाला त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. चंद्रपूरच्या कोळशाच्या थरांजवळ अग्निरोधक माती, म्हणजे फायरक्ले, सापडते. भंडारा जिल्ह्यातलं कायनाइट आणि सिलिमनाइट भट्ट्यांच्या विटांसाठी जातं. चंद्रपूरच्या अलीकडे भद्रावतीला गांधीविचाराचे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभी केलेली ग्रामोदय संघ ही संस्था आहे. खेड्यातल्या कुंभाराला चांगली माती, चांगली भट्टी आणि ग्लेझ मिळावं म्हणून तिथे अनेक दशकं काम झालं. वाडीतल्या एखाद्या कला शिक्षकाने एकदा मुलांना घेऊन तिकडची वाट धरली तर माती कुठून येते आणि तिचं काय काय होतं हे पुस्तकापेक्षा लवकर समजेल.

भट्टीचं तापमान हा पुढचा घोटाळा. भट्टीवरचा आकडा म्हणजे आतल्या एका टोकाला असलेल्या थर्मोकपल नावाच्या तापमापकाच्या जागेचं तापमान. मातीला आणि ग्लेझला मात्र तापमानाइतकाच वेळही लागतो. हजार अंशांना पाच तासांत पोचलेली भट्टी आणि दहा तासांत पोचलेली भट्टी सारखं भाजत नाही. हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडच्या जोसाया वेजवूडने 1782 मध्ये मातीचे तुकडे किती आकसतात यावरून भट्टी मोजायचा प्रयत्न केला. जर्मनीच्या हेर्मान सेगरने 1886 मध्ये ठरावीक मिश्रणाचे सुळके बनवले, जे ठरावीक उष्णतेला वाकतात. अमेरिकेत एडवर्ड ऑर्टनने 1896 पासून तसेच सुळके विकायला काढले. आज कुंभारकामात ज्याला 'कोन' म्हणतात तो हाच. मुलांच्या कामासाठी बहुतेक वेळा 06 किंवा 04 नंबरचा कोन पुरतो. पहिला साधारण हजार अंशांना, दुसरा 1060 च्या आसपास वाकतो. शून्य लागला की आकडा वाढताना उष्णता कमी होते, हे एकदा ध्यानात ठेवावं, नाहीतर कोन 6 आणि कोन 06 यांची अदलाबदल होते. त्यांच्यात सव्वादोनशे अंशांचं अंतर आहे. 06 ची माती 6 ला भाजली तर वस्तू बसते, फुगते, कधी वितळून शेल्फवर पसरते. वरच्या, मधल्या आणि खालच्या शेल्फवर एकेक कोन ठेवावा. ज्या भट्टीचा आकडा बरोबर आणि तळाचा कोन ताठ, तिच्या तळातल्या वस्तू कच्च्या आहेत, आकडा काहीही म्हणो.

वाडीसारख्या ठिकाणी भट्टी लंगडते ती विजेच्या दाबाने. इलेक्ट्रिक भट्टीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते. 230 च्या जागी 200 व्होल्ट मिळाले तर दाब तेरा टक्क्यांनी घटला असं वाटतं, पण भट्टीची शक्ती चोवीस टक्क्यांनी घटते, जवळजवळ पाव. खाली सहाशे-सातशे अंशांपर्यंत हे कळत नाही. वर गेल्यावर भट्टीच्या भिंतींतून बाहेर पडणारी उष्णता आणि तारांतून येणारी उष्णता सारखी होते, आणि आकडा 980 ला तासन्‌तास अडून बसतो. मेच्या संध्याकाळी घरोघरचे कूलर आणि एसी एकदम चालू झाले की हे व्हायचंच. म्हणून उन्हाळ्यात भट्टी अशी लावावी की वरचा टप्पा मध्यरात्रीनंतर येईल, आणि वहीत तापमानाबरोबर व्होल्टेजही लिहावं. भट्टीच्या तारा जुन्या झाल्या की त्यांचा रोध वाढतो आणि हाच परिणाम दिसतो. दाब ठीक असूनही दर खेपेला भट्टीला जास्त वेळ लागू लागला तर तारा बदलायची वेळ झाली. मध्येच वीज गेली तर झाकणाला हात लावू नये. बंद भट्टीत वस्तू सुखरूप असतात. वीज आली की पुन्हा चढवावं. शेवटी कोन वाकला की झालं, बिस्किट फायरिंगचं, म्हणजे ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीचं, यात सहसा काही बिघडत नाही.

धूर हा भट्टीचा वेगळा विषय आहे आणि वाडीच्या मुलांना तो हाताच्या अंतरावर भेटतो. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला हजारो वर्षांपूर्वीची शिळावर्तुळं आहेत. विदर्भातल्या अशा महापाषाणीय स्थळांवर काळी-आणि-तांबडी भांडी सापडतात: आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. जिथे हवा मिळाली नाही आणि धूर कोंडला तिथे माती काळी पडली, जिथे मोकळी हवा लागली तिथे मातीतल्या लोखंडाने तांबडा रंग धरला. त्या कुंभारांनी काळेपण ठरवून आणलं. आपल्या भट्टीत ते नको असताना येतं: मुलं मातीत गवत, पानं, लाकडाचा भुसा घालतात, जाड वस्तू भराभर तापते, आतला कार्बन जळायला हवा मिळत नाही आणि तुकडा मोडून पाहिला की मधोमध काळी पट्टी दिसते. हा काळा गाभा ग्लेझच्या भट्टीत वायू सोडतो, वरून ग्लेझ झाकलेली, मग ग्लेझला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात किंवा वस्तूच फुगते. सातशे ते नऊशे अंशांच्या दरम्यान सावकाश जाणं आणि तोवर वरचं भोक उघडं ठेवणं, एवढ्याने हे थांबतं.

आता ग्लेझ. ग्लेझ म्हणजे काच. वाळूतल्या सिलिकाला वितळायला सतराशे अंश लागतात, म्हणून तिच्यात तिला लवकर वितळवणारी द्रव्यं घालतात: बोरॉन, फेल्डस्पार, सोडा. आणि काच ओघळून जाऊ नये म्हणून मातीतलं ॲल्युमिना. हे तिघांचं गणित बिघडलं की दोष दिसतो. पण मुलांच्या वस्तूंत गणिताआधी हात बिघडतात.

भाजलेली, ग्लेझ न लावलेली वस्तू पाणी पटकन शोषते, आणि त्या शोषण्यावरच ग्लेझ चिकटते. तिच्यावर तेलाचा डाग असला की त्या जागी ग्लेझ बसत नाही. भट्टीत ती कडा गोळा करून मागे सरकते आणि तांबडी माती उघडी पडते. वाडीतल्या वर्गात हे तेल कुठून येतं? डोक्याला चोपडलेल्या खोबरेलातून आणि डब्यातल्या तर्री-पोह्यांतून. ग्लेझ लावायच्या आधी साबणाने हात धुणं आणि ओल्या स्पंजाने वस्तूवरची धूळ पुसणं, एवढ्याने निम्म्या सरकलेल्या ग्लेझ वाचतात. स्पंज पिळून घ्यावा. ओलीचिंब वस्तूही ग्लेझ शोषत नाही. राहिलेल्या निम्म्या सरकतात जाडीमुळे. ज्या ठिकाणी रंग आवडला तिथे मूल पाच थर देतं, बाकी ठिकाणी एकही नाही. जाड थर सुकताना चिरतो आणि भट्टीत त्या चिरेवरूनच सरकतो, किंवा ओघळून शेल्फला चिकटतो. एक मिलिमीटरच्या आसपास जाडी पुरते: सुकलेल्या ग्लेझला टाचणीने बोचून पाहिलं की कळतं. तळ आणि तळापासून वरची पाच मिलिमीटर जागा मेणाने किंवा कोरड्या पट्टीने मोकळी सोडावी, शेल्फवर काओलिन आणि ॲल्युमिनाचा लेप द्यावा. मुलांच्या रंगांच्या हौसेवर सगळ्यात चांगला तोडगा म्हणजे अंडरग्लेझ: हे रंग भट्टीत हलत नाहीत, रेघ जिथे ओढली तिथेच राहते, आणि वरून मोठ्या माणसाने पारदर्शक ग्लेझचा एकसारखा थर द्यावा.

रंग उडाला, अशी तक्रार येते तेव्हा आधी कोणता रंग लावला ते विचारावं. पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक भट्टीत जळून जातात, त्यांचा मागमूस उरत नाही. दिवाळीच्या पणत्यांवर ते चालतात कारण त्या रंगवल्यानंतर भाजत नाहीत. खरोखरच्या ग्लेझमधला भडक लाल उडाला असेल तर भट्टी जास्त तापली. सेलेनियम-कॅडमियमचा तो लाल उष्णतेला नाजूक असतो. आणि पांढरा बैल गुलाबी होऊन बाहेर आला तर शेजारी हिरवं काही होतं का पाहावं. हिरव्या रंगातलं क्रोमियम जास्त तापलेल्या भट्टीत वाफ होऊन पसरतं, पांढऱ्या ग्लेझमधल्या कथिलाशी जुळतं आणि गुलाबी छटा देतं. शेजाऱ्याच्या बैलाने आपला बैल रंगवला, हे मुलांना इतकं आवडतं की हा दोष मी दुरुस्त करायला सांगणार नाही. हिरवे आणि पांढरे वेगळ्या शेल्फवर ठेवले की तो टळतो, एवढं माहीत असावं.

ग्लेझला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात त्याचं कारण थंड होताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसते. भट्टीतून काढल्यावर टिंग टिंग आवाज येतो तो याचाच, आणि कधी कधी तो महिनाभरानेही येतो. बिस्किट फायरिंग थोडी वाढवून, ग्लेझ पातळ लावून किंवा मातीशी जुळणारी दुसरी ग्लेझ घेऊन हे सुटतं. ताटलीत कंचे वितळवायची हौस असते, तिथे हीच गोष्ट टोकाला जाते: कंच्याची काच मातीपेक्षा इतकी जास्त आकसते की तिला तडे जातात आणि धारदार कपच्या सुटतात. भिंतीवरच्या शोभेच्या ताटलीतसुद्धा मला ते लहान मुलांच्या हाती द्यावंसं वाटत नाही. खरखरीत, निस्तेज निघालेली ग्लेझ मात्र बहुतेक वेळा कच्ची असते. तीच वस्तू योग्य कोनपर्यंत पुन्हा भाजली की चकाकते. ग्लेझ सरकलेली वस्तूही वाया जात नाही. ती कोमट करून उघड्या जागी घट्ट कालवलेली ग्लेझ भरावी आणि पुन्हा भाजावी.

आता जे अजिबात हलक्याने घेऊ नये ते. ग्लेझ कमी उष्णतेला वितळवायची जुनी, स्वस्त युक्ती म्हणजे शिसं. शिशाची ग्लेझ सुंदर चकाकते, दोष झाकते, आणि आंबट पदार्थात झिरपते. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात 2016 च्या नियमाने घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर आणली; तो नियम घरगुती रंगांसाठी आहे, म्हणून सुट्या मिळणाऱ्या बिनलेबलच्या ग्लेझबद्दल तो काहीच हमी देत नाही. मुलांसाठी शिसं नसलेली, डब्यावर तसं आणि कोनचा नंबर लिहिलेली ग्लेझच घ्यावी. नागपूर-भंडाऱ्याचा पट्टा मँगनीजचा. मॉइल या मँगनीज कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे, आणि मनसर, डोंगरी बुजुर्गच्या खाणी सहलीच्या अंतरावर. मँगनीज डायऑक्साइडने ग्लेझला सुरेख तपकिरी-काळा रंग येतो, म्हणून कोणाला तरी खनिजाची पूड आणून वापरायचं सुचतंच. ती पूड आणि भट्टीतून निघणारा तिचा धूर श्वासातून वर्षानुवर्षं गेला तर मज्जासंस्थेला इजा होते. मुलांच्या खोलीत कोरडी पूड, मग ती मँगनीजची असो वा साध्या ग्लेझची, उघडू नये. ग्लेझ कालवलेलीच द्यावी. भट्टी वेगळ्या, खिडकी असलेल्या खोलीत असावी. आणि मातीकामानंतर फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. सुकलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि झाडूने ती तासभर हवेत राहते.

मुलाने केलेला पेला घरी गेला की आजी विचारते, यात दूध देऊ का? शिसं नसलेली ग्लेझ, डब्यावरच्या कोनपर्यंत पूर्ण वितळलेली, आतून एकसारखी चकाकणारी, भेगांची जाळी नसलेली आणि कुठेही माती उघडी न पडलेली असेल तर द्यावं. शंका असेल तर लिंबाची फोड ग्लेझवर रात्रभर ठेवून पाहावी. सकाळी त्या जागी रंग बदलला किंवा चकाकी गेली तर ती ग्लेझ पदार्थात झिरपते, आणि पेला फुलदाणी करावा. रंग बदलला नाही तरी शिशाबद्दल या परीक्षेतून काही कळत नाही, कारण शिसं डोळ्यांना न दिसता झिरपतं. ते प्रयोगशाळेतच कळतं. ज्या पेल्यावर कोणती ग्लेझ लावली हे शिक्षकाला सांगता येत नाही, त्यात पेन्सिली ठेवाव्यात.